नथूची जागा

अमळनेरच्या स्टेशनात गाडी यायला अजून वेळ आहे. बैल सोडून, त्यांच्यापुढे कडब्याची पेंढी टाकून, मी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनच्या भिंतीच्या सावलीत बसलो आहे. कापसाचा हंगाम संपला, जिन बंद आहे. पण भिंतीपलीकडे सरकीचे ढीग वैशाखाच्या उन्हात तापले आहेत आणि त्यांचा तेलकट, गोडसर, थोडासा कुबट वास रस्त्यापर्यंत येतो आहे. या वासात माझी उमेदीची वर्षं गेली. हा वास आला की कानात आपोआप भोंगा वाजतो आणि पापण्यांवर रुईची तूस बसल्यासारखी वाटते.

आज नथू येणार आहे. नथू माझा धाकटा भाऊ. आफ्रिकेत, युगांडात, कापसाच्या जिनमध्ये काम करतो. एका जिनमधली नोकरी संपली, दुसरी पावसाळा उलटल्यावर सुरू व्हायची, मधले महिने तो घरी काढणार आहे. लढाईत बोटी बंद होत्या, नाहीतर याआधीच आला असता.

असाच एकदा मी आलो होतो. हेच स्टेशन, हेच ऊन, अशीच एक नोकरी संपलेली आणि दुसरी सुरू व्हायची. त्या दिवशी मला न्यायला गाडी जुंपून नथू आला होता. आम्हा दोघांतला फिटर मी आणि शेतकरी तो. आज मी बैलांना वैरण टाकतो आहे आणि तो बोटीतून उतरून येतो आहे. हे उलटं कसं झालं, ते आठवत बसायला ही सावली बरी आहे.

तिकडे असताना मी मनानं फार वेळा घरी जात असे. जिंजा गावच्या जिनमध्येही सरकीला हाच वास यायचा. दुपारी यंत्रं थांबली की मी पोत्यांना टेकून डोळे मिटायचो आणि क्षणात तापीकाठच्या आमच्या गावात असायचो. बाहेर तांबडी माती, डोक्यावर वाढलेलं हत्तीगवत, रोज ठरल्यासारखा कोसळणारा पाऊस. आणि मिटल्या डोळ्यांपुढे आमचं धाब्याचं घर, ओट्यावरचं गार सारवण, चुलीवर उलथं घातलेलं खापर. त्या घरात सगळे जिथल्या तिथे असायचे. माय भाकरी थापत असायची, बायको पाणी आणत असायची, नथू गोठ्यात असायचा. आणि माझी जागा रिकामी असायची. चुलीपासून दुसरी, भिंतीला पाठ लावून बसायची. सहा वर्षं मी त्या रिकाम्या जागेकडे पाहत होतो.

मी उतरलो तेव्हा फलाटावर एक दांडगा माणूस उभा होता. त्यानं माझ्या हातातली ट्रंक घेतली तेव्हा कळलं, हा नथू. मी गेलो तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. आता मान बैलासारखी झाली होती, तळहात लाकडासारखे. गाडी जुंपताना त्यानं बैलांना हाक मारली आणि मी दचकलो. तो आवाज आमच्या वडलांचा, आबांचा होता. आबा मी तिकडे असतानाच गेले. त्यांचा शेवटचा आवाज मी ऐकला नव्हता. तो नथूच्या गळ्यात जसाच्या तसा येऊन बसला होता, बोलण्याआधीच्या खाकरण्यासकट. आबांचं फेटा बांधायचं वळणही त्याच्याच डोक्यावर होतं. रस्ताभर तो कापसाचं, पाण्याचं, गावातल्या लग्नांचं सांगत होता आणि मी ऐकत होतो ते फक्त आवाज. मोठा मुलगा मी. तो आवाज माझ्याकडे यायला हवा होता.

घराच्या दारात एक मुलगी उभी होती, तेलानं चप्प बसवलेल्या केसांची. माझी मुलगी बनी. मी गेलो तेव्हा ती रांगायचं संपवून धरून-धरून चालत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझा कोट पाहिला, बूट पाहिले, आणि आत तोंड करून आजीला म्हणाली, "मोठी माय, पाव्हना उना."

सगळे हसले. मीही हसलो. मग बनी पळत नथूकडे गेली, गाडीच्या जुवाला लटकली आणि त्यानं तिला एका हातानं उचलून बैलाच्या पाठीवर बसवलं. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. रोजचंच होतं ते.

मायनं मला पाटावर बसवलं. ते दिवस बिबड्यांचे, ज्वारीच्या पापडांचे होते. पहाटेपासून मोठ्या पातेल्यात ज्वारीचा घाटा रटरटायचा, त्याचा आंबूस उबदार वास घरभर असायचा, आणि धाब्याच्या छपरावर धोतरं पसरून बायका बिबडे घालायच्या. लहानपणी आम्ही दोघं भाऊ गरम घाट्यावर तेल घेऊन बोटं चाटत खायचो. माय उलथनं उगारायची. आता मायनं माझ्यासाठी घाटा वाटीत काढून आणला, वर तेल घालून, चमच्यासकट. नथूनं पातेल्यात बोट घातलं. माय त्याच्यावर खेकसली, "नथ्या, पाय धुईसन ये आधी. मातीना पायवरी घरमा फिरस." नथू हसत मागे सरला आणि दुसऱ्या बाजूनं बोट घातलं.

वाटी हातात धरून मी पाहत राहिलो. मला कोणी पाय धुऊन ये म्हणत नव्हतं. मी बूट घालून ओट्यावर चढलो तरी माय काही बोलत नव्हती. माझ्या पानात तूप जास्त असायचं, माझ्या अंथरुणावर नवी गोधडी असायची, माझ्याशी बोलताना तिचा आवाज मऊ व्हायचा, जसा तो व्याह्यांशी बोलताना होई. नथूला दिवसभर बोलणी बसत. दावं नीट बांधलं नाही, उशिरा आलास, इतक्या मिरच्या खाऊ नकोस. ती बोलणी मी पाटावर बसून ऐकायचो आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. तुपाचा हेवा वाटू शकतो हे मला माहीत होतं. पण शिव्यांचा वाटतो हे मला तेव्हा कळलं.

बायको, रखमा, माझ्याशी चांगली वागत होती. पण तिलाही या घराचं एक वेगळं वळण पडलं होतं, त्यात मी नव्हतो. माय आणि ती अर्ध्या वाक्यात एकमेकींचं बोलणं समजायच्या. एखादं नाव घेतलं की दोघी हसायच्या, आणि मी का हसलात विचारलं की रखमा सांगायला लागायची, सुरुवातीपासून, नीट समजावून, आणि त्या सांगण्यात हसू संपून जायचं.

मग अखाजी आली, अक्षय्यतृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा अखाजी मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, गावातल्या प्रत्येक निंबाला झोका बांधलेला असतो, दोरांची करकर आणि पोरींच्या गाण्यांचे सूर दुपारभर एकमेकांत मिसळतात. आमराईतून पाडाचे आंबे येतात, पाट्यांवर पुरण वाटलं जातं, आणि खापरावर टाकलेले मांडे हातभर रुंद फुगतात. पुरुष झाडाखाली पत्ते कुटतात. तिकडे मी हे सगळं डोळे मिटून इतक्या वेळा पाहिलं होतं की प्रत्यक्षात पाहताना ते थोडं कमी रंगाचं वाटलं. कदाचित ऊन जास्त असेल.

अखाजीला आम्ही पितरांची घागर भरतो. नवी मातीची घागर, वर लहान मडकं, त्यावर आंबा आणि सांजोरी. घरातला मोठा मुलगा बसतो आणि एकेका पूर्वजाचं नाव घेऊन पाणी सोडतो. त्या वर्षी मी बसलो. सोवळं नेसलो, आबांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, आणि पुढे अडलो. आजोबांच्या वडलांचं नाव मला आठवेना. लहानपणी ते मला पाठ होतं. पाणी हातात घेऊन मी बसून राहिलो. पाणी बोटांतून गळत होतं. मागे उभ्या असलेल्या नथूनं खाली वाकून माझ्या कानाजवळ ते नाव सांगितलं. मग पुढचंही सांगितलं. कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, माझा मान जाऊ नये म्हणून. मी त्याच्यामागून नावं म्हणत गेलो. त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला तितका तो दुसऱ्या कशानं आला नसता. तो वाईट वागला असता तर सोपं झालं असतं.

अक्का, आमची थोरली बहीण, धरणगावाहून अखाजीला आली होती. तिच्यापासून मी कधी काही लपवू शकलो नाही. जेवणं झाल्यावर ती ओसरीत सुपारी कातरत बसली होती. मी तिला म्हणालो की मी या घरात पाहुणा झालोय. सगळे माझ्याशी जपून वागतात. माझी मुलगी माझ्याकडे येत नाही. मला वाटलं ती समजूत घालेल.

तिनं अडकित्ता थांबवला. "आते समजनं ना तुले, माहेर काय ऱ्हास ते," ती म्हणाली. "दरसाल मी आशीच येस. पाटवर बठस, तूप खास, आन परत जास."

तिच्या लग्नाला तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. दर अखाजीला ती यायची, झोक्यावर बसायची, हसायची, जायची. तिला कधी असं वाटत असेल हे माझ्या मनात आलं नव्हतं.

नथू तेव्हा अंगणात बनीला झोका देत होता. त्याच्याकडे पाहतच ती म्हणाली, "त्याना जागावर बसानी तुले भलती हौस शे. त्याना घरमा कोन शे, ते देख ना येकदाव."

नथूची बायको आदल्या वर्षी पहिल्या बाळंतपणात गेली होती, बाळासकट. मला ते तिकडे कळलं होतं, वाईटही वाटलं होतं. पण मी ती कधी पाहिलेली नव्हती. त्याचं लग्न माझ्या पाठीमागे झालं होतं. मी आलो तेव्हा घरात तिची खूण म्हणजे खुंटीवरची एक हिरवी कांकणांची जुडी, जिला कोणी हात लावत नसे. ती जुडी मी रोज पाहत होतो आणि तिच्याखाली बसणाऱ्या माणसाचा हेवा करत होतो. अक्कानं सांगितलं तेव्हा मी मान हलवली. समजलं मला. पण समजल्यानं हेवा जात नाही. दुसऱ्या दिवशी मळ्यात गेलो तेव्हा तो माझ्याबरोबरच होता.

मळ्यातली विहीर खोल होती. नथू पहाटे मोट जुंपायचा. बैल उतरणीवरून खाली जायचे तसं चाक कुरकुरायचं, कातड्याची भरलेली मोट वर यायची, आणि पाणी धबकन थारोळ्यात पडून पाटानं मिरचीच्या वाफ्यांकडे पळायचं. बैल उलट पावलांनी वर यायचे. आणि या सगळ्याबरोबर नथू गायचा. शब्दांना फारसा अर्थ नसायचा. बैलांची नावं, विहिरीचं नाव, कधी बनीचं नाव त्यात गुंफलेलं असे. ओल्या कातड्याचा, शेवाळाचा आणि भिजल्या मातीचा वास त्या गाण्याला चिकटलेला होता. मी एकदा त्याला बाजूला करून मोट धरली. बैल उतरणीवर निम्मे गेले आणि थांबले. मी हाकलं, चुचकारलं. ते कान हलवत उभे राहिले. लांबून नथूनं नुसता खाकरल्यासारखा आवाज केला आणि ते चालू लागले.

श्रावणात कानबाई बसली, आमच्या खानदेशाची देवी. कानबाईचे रोट करताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात, आणि ते रोट घरच्याच लोकांनी खायचे असतात. बाहेर द्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. माय सुपात गहू घेऊन बसली होती. मी मुद्दाम जवळ बसलो. मला पाहायचं होतं माझी मूठ कितवी येते. तिनं पहिलीच मूठ माझ्या नावानं काढली. मला बरं वाटलं, मग शंका आली. म्हटलं, मी समोर बसलोय म्हणून. रखमाला विचारलं तर ती म्हणाली, दर साली पहिली मूठ तुमचीच. तुम्ही नव्हता तेव्हाही. मग तो रोट कोण खायचं, मी विचारलं. तिनं नथूकडे पाहिलं.

नथू हसला. म्हणाला, दोन वाटे खाऊन त्याचं पोट फुटायला यायचं, पण माय पुनवेच्या आत संपवायला लावायची, भावाचा वाटा मागं राहिला तर भाऊ परत यायचा नाही म्हणून. एका वर्षी तो त्यापायी आजारी पडला होता. सगळे पुन्हा हसले आणि माय त्याला म्हणाली की खादाडच आहेस मेल्या. माझा वाटाही त्यानंच खाल्ला होता, माझ्यासाठी. या माणसाचं करायचं तरी काय.

दिवाळीनंतर मला निघायचं होतं. नव्या जिनच्या मालकांचं पत्र आलं होतं. राहायला खोली मिळणार होती, पगार वाढणार होता. मी ठरवलं की या वेळी रखमाला आणि बनीला घेऊन जायचं. मी ते घरात सांगितलं. रखमा चुलीकडे पाहत राहिली. बनी उठून गेली, आणि शोधलं तेव्हा गोठ्यात गव्हाणीत बसलेली सापडली. नथूनं तिला बाहेर काढलं.

काही दिवसांनी मी अमळनेरला जिनमधल्या जुन्या मिस्त्रींना भेटायला आलो होतो. हीच भिंत, हेच फाटक. हंगाम नुकताच सुरू झाला होता. कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि हवेत तूस तरंगत होती. आत शिरलो तर एका यंत्राखाली उताणा पडून कोणी रोलर बसवत होतं. पाय ओळखीचे वाटले. नथू बाहेर आला. कोपरापर्यंत तेल, भुवयांवर रुई. मला पाहून तो चोरी पकडल्यासारखा उभा राहिला. मिस्त्री म्हणाले, गेल्या हंगामापासून येतो, बाजाराच्या दिवशी, मजुरी न घेता. हात बरा आहे.

आम्ही गाडीतून घरी निघालो. बोरी नदीच्या पुलाशी त्यानं गाडी थांबवली. बैलांकडे पाहत, त्या आबांच्या आवाजात तो म्हणाला, "भाऊ, या खेपले मी जासू. तू आठेच ऱ्हाय."

मला प्रथम समजलंच नाही. मग समजलं. त्याच्याकडे सगळं होतं. माय, बैल, आबांचा आवाज, माझी मुलगी, पूर्वजांची नावं. माझ्याकडे एकच गोष्ट होती जी त्याच्याकडे नव्हती. आगबोट, निळं पाणी, मोंबासाच्या बंदरातला तो लवंगांचा वास, तांबड्या मातीतला तो जिन जिथे माझ्या हाताखाली माणसं होती. आणि आता तेही त्याला हवं होतं.

मी विचारलं, का. तो म्हणाला, मायला तू डोळ्यांसमोर हवास. दिवसभर तुझंच नाव घेते. मी म्हणालो, माझ्यासमोर तर घेत नाही. तो म्हणाला, तू समोर असतोस म्हणून. मग तो म्हणाला की घरातल्या भिंतींकडे त्याला पाहवत नाही. एवढंच. ती हिरवी कांकणं त्यानं बोलून दाखवली नाहीत.

मी हो म्हणालो. त्याला दुःख होतं म्हणून म्हणालो, असं मला आज म्हणता आलं तर बरं होईल, आणि तेही त्यात होतं. पण त्याहून जास्त मला त्याची जागा हवी होती. मालकांना मी त्याच्याविषयी लिहिलं. मायनं रडून घर डोक्यावर घेतलं. बनीनं त्याच्या पायांना मिठी मारली ती दोघांनी सोडवावी लागली. याच फलाटावर त्याला निरोप दिला. माझा कोट त्याला खांद्यांत घट्ट होत होता.

आणि मग सगळं माझं झालं. बैलांना माझी सवय लागायला एक पावसाळा गेला. मोटेवर मी गायला शिकलो, वाईट का होईना. बनी हळूहळू मला नाना म्हणू लागली. पण रोज संध्याकाळी ती रस्त्याकडच्या ओट्यावर जाऊन बसायची, आणि शाळेतल्या मास्तरांना विचारायची की आफ्रिका कुठल्या दिशेला आहे. मायनं मला रागवायला सुरुवात केली, पण रागावताना तिच्या तोंडून नाव निघायचं नथ्या, मग ती जीभ चावायची. कानबाईला तिनं गहू काढले. पहिली मूठ नथूची. त्याचा रोट माझ्या पानात पडला आणि मी तो पुनवेच्या आत संपवला. घास गिळताना मला वाटत होतं, तो आता तिकडे पोत्यांना टेकून डोळे मिटत असेल आणि मायच्या मनात पहिला असेल. गेलेला माणूस या घरात नेहमी पहिला असतो. मी ते ठिकाण सोडून आलो होतो आणि ते त्यानं घेतलं होतं.

अशी वर्षं गेली. लढाई सुरू झाली, बोटी थांबल्या. बनीचं लग्न झालं. अंतरपाट दूर होताना तिची नजर मांडवाच्या दाराकडे होती. खापर फुटलं, नवं आलं. अक्का अखाजीला यायची थांबली, तिचे पाय चालेनात. आणि माय थकली.

शेवटच्या उन्हाळ्यात तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. रखमाला ती कधी अक्का समजायची, कधी स्वतःची आई. मी तिला भरवायचो, उन्हं उतरली की उचलून ओट्यावर आणून बसवायचो. मला ती नथू समजायची. जीभ चावणं आता संपलं होतं. मी कण्यांचा घास पुढे केला की म्हणायची, नथ्या, हात धुतलास का. पाणी सांडलं की म्हणायची, नथ्या, तुला कधी अक्कल येणार. दिवसभर नथ्या, नथ्या. मी हो म्हणायचो. मी नथू नाही हे पहिले काही दिवस सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

एका संध्याकाळी ओट्यावर बसली असताना तिनं माझं मनगट धरलं. हातात जोर राहिला नव्हता, तरी घट्ट धरलं. रस्त्याकडे पाहत होती. रस्त्यानं गुरं परतत होती, धूळ उडत होती, गावावर गोवऱ्यांचा धूर उतरत होता. तिनं मला विचारलं, "नथ्या, मन्हा मोठा कवय येई रे? गाडी उनी नही का आजून?"

मी तिच्या शेजारी बसलो होतो. माझं मनगट तिच्या हातात होतं. मी म्हणालो, येईल, उशीर आहे गाडीला. तिचं समाधान झालं. पुढे रोज संध्याकाळी ती तेच विचारायची. तिचा मोठा आफ्रिकेतून आलाच नव्हता. ती त्याची वाट पाहत होती, आणि त्याची वाट पाहताना तिचा चेहरा जसा व्हायचा तसा तो माझ्याकडे पाहताना कधी झालेला मला आठवत नाही. मी त्या चेहऱ्याकडे बघत बसायचो. रस्त्यावर जो नव्हता त्याचा मला हेवा वाटायचा.

ती गेली ती अशीच एका सकाळी, कोवळं ऊन ओट्यावर आल्यावर, माझ्या मांडीवर.

गाडीची शिटी झाली. बैलांनी माना वर केल्या. मी उठलो, धोतर झटकलं आणि फलाटावर गेलो.

नथूचे केस पांढरे होऊ लागले आहेत. खांदे तेवढेच, पण थोडे पुढे झुकलेले. त्यानं ट्रंक खाली ठेवली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मी त्याला उठवलं. त्याच्या अंगाला यंत्राच्या तेलाचा आणि समुद्राच्या खारट हवेचा वास होता. प्रवास कसा झाला ते मी विचारलं, बनी उद्या येणार आहे ते सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. फलाट रिकामा झाला. हमाल निघून गेले. ट्रंकेच्या कडीवर हात ठेवून, माझ्याकडे न पाहता त्यानं विचारलं,

"भाऊ, शेवटले मायनी मन्हं नाव लिन्हं का?"

"लिन्हं रे," मी म्हणालो. "दिनभर तुन्हंच नाव तिना तोंडमा व्हतं."

त्यानं फेट्याचा शेव डोळ्यांना लावला. मी ट्रंक उचलून गाडीकडे निघालो. ती कोणाची वाट पाहत होती ते त्यानं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. तेवढं मी माझ्यापाशी ठेवलं.